दारोदार सलामी

“लग्न की म्हातारं?”

फोन कानाला लावता लावताच धनाजीरावांनी विचारलं. चहा गाळणाऱ्या अहल्याबाई तिथूनच म्हणाल्या, “अहो, माणसानं आधी हॅलो तरी म्हणावं. आणि होळाष्टकात कुणाचं लग्न निघालंय?”

बाईंचं बरोबर होतं. होळीच्या आधीच्या आठ दिवसांत बडोद्याकडे कुणी लग्न काढत नाही. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही धनाजीरावांच्या मार्तंड ब्रास बँडला हल्ली चार फोन आले, तर त्यातले तीन म्हाताऱ्यांचेच असत. डभोई, शिनोर, करजण, पादरा, या सगळ्या पट्ट्यात भरल्या वयाचं माणूस गेलं की त्याला गुलाल उधळत, वाजतगाजत नेतात. लीली वाडी बघून गेला म्हणतात. म्हणजे मुलं, नातवंडं, पणतवंडं अशी हिरवी बाग डोळ्यांनी पाहून गेला. आता ती बाग न्यू जर्सीत आणि लंडनात फुललेली असायची आणि इथे राहायचा तो नुसता माळी. पण रिवाज होता. तिकडच्या पोरांची लग्नं हायवेवरच्या पार्टी प्लॉटमध्ये लागत. तिथे डीजे. मरायला मात्र गावातच जागा, आणि तिथे बँड. धनाजीरावांचे आजोबा गायकवाडी पलटणीच्या बँडात होते, वडिलांनी बडोद्यातल्या नवापुऱ्यात दुकान काढलं, आणि तिसऱ्या पिढीला हे असं वाटणीत आलं.

“म्हातारंच,” फोनमधून जशुभाई म्हणाले. “मास्तर, डाहीबा गयां. सवारे.” सकाळीच गेल्या.

धनाजीराव उठून उभे राहिले.

जशुभाई हे मोटी कोठणच्या दूध मंडळीचे सेक्रेटरी. वय एकोणसाठ, म्हणून गाव त्यांना अजून पोरगाच समजत असे. गावात साठीच्या आतले तेवढेच उरले होते. त्यांनी भराभर सांगितलं. अमेरिकेत हरीशशी बोलणं झालंय. तिकिटं मिळत नाहीत, कुणी येऊ शकत नाही. सगळं फोनवर दाखवायचं. पार्टी फुल पाहिजे, एकवीस माणसं. दुपारी दोनला काढायचं.

“येतो,” धनाजीराव म्हणाले. माणसं कुठून आणणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि जशुभाईंनी विचारलं नाही.

हरीश म्हणजे डाहीबांचा नातू. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या लग्नाला मार्तंड बँडची अख्खी पार्टी गेली होती. वरात गल्लीतून निघाली की बँड प्रत्येक भाऊबंदाच्या दारात थांबतो, दाराकडे तोंड करून एक कडवं वाजवतो. ती सलामी. घरातलं माणूस हार घेऊन बाहेर येतं, मास्तरच्या खिशात नोट सारतं, मग वरात पुढे सरकते. त्या दिवशी चोवीस घरांच्या गल्लीला चार तास लागले होते. डाहीबा ओट्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत होत्या. वरात संपल्यावर त्यांनी मास्तरला हाक मारून स्वतःच्या हातानं कंसार, लग्नातली गोड लापशी, वाढला आणि म्हणाल्या, “मारी वखते पण आवुं ज वगाडजे. एके घर छोडतो नहीं.” माझ्या वेळीही असंच वाजव, एकही घर सोडू नकोस. धनाजीरावांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता. तेव्हा त्यांच्याकडे सत्तावीस माणसं होती. शब्द द्यायला काय लागतं!

पंधरा-वीस फोन झाले तेव्हा हिशेब स्पष्ट झाला. बँडातले राठवा आदिवासी, म्हणजे निम्मा बँड, कवांट-नसवाडीकडचे. होळीला राठवा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, गावी जातो. पूर्वी होळी झाली की परत येत. आता होळीनंतर काही जण काठियावाडात भागानं शेती करायला जातात, काही सावली तालुक्यातल्या कारखान्यांत. नगीन राठवासारखा ढोलवाला तीन वर्षांत फक्त फोनवर भेटला होता. आज तोही बंद होता.

तेवढ्यात जयसिंग रात्रपाळीहून आला. धनाजीरावांचा मुलगा, वय सदतीस, बँडातला एकमेव ट्रंपेट, आणि सहा वर्षांपासून एका कारखान्यात कंत्राटी कामगार. त्यानं बूट काढले नाहीत, फक्त डबा बदलला.

“डाहीबा गेल्या,” धनाजीराव म्हणाले. “संध्याकाळी सहापर्यंत सोडतो तुला.”

“बाबा, डबल ड्यूटी आहे मला. लाइनवरची निम्मी पोरं होळीला पळाली. आज नाही गेलो तर कॉन्ट्रॅक्टर गेटपास काढून घेईल.”

“अरे, हरीशच्या लग्नात तू बारा वर्षांचा होतास. एक सूर खाल्लास तर ओट्यावरून तिनंच डोळे वटारले होते.”

जयसिंग हसला. “आता नाही वटारणार.” मग हसू आवरून म्हणाला, “सुपरवायझरला आज संध्याकाळी उत्तर द्यायचंय हं.”

“कसलं?”

“तुम्हाला माहितीये कसलं. त्यांना माणसंच मिळत नाहीत. वॉचमनला पासष्टपर्यंत घेतायत. तुम्ही त्रेसष्ट. फाटकावर खुर्ची टाकून बसायचं, पगार वेळेवर, ड्रेस ते देतात.”

“ड्रेस तर यांना लागतोच,” अहल्याबाई म्हणाल्या.

“बँडमास्तर फाटकावर बसत नसतो.”

“बँड कुठाय पण?” जयसिंग म्हणाला. मग त्यालाच ते जास्त झालं असं वाटलं असावं. “बरं, असं करू. आज तुम्ही त्या म्हातारीला घरापासून नदीपर्यंत वाजवत नेलंत ना, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. देवाशप्पथ. नाही जमलं तर संध्याकाळी हो म्हणा.”

“जमलं म्हणूनच धर.”

“ठरलं,” जयसिंग म्हणाला आणि डबा घेऊन गेला.

बँडच्या धंद्यात ‘कोरे’ म्हणून एक प्रकार असतो. पार्टी मोठी दिसावी म्हणून दोन-चार माणसं नुसती गणवेश घालून उभी करायची, हातात वाद्य द्यायचं, गाल फुगवायचे, बोटं हलवायची, फुंकायचं नाही. पूर्वी कोरे मजूरनाक्यावर रोजानं मिळत. आज नाका ओस. तेव्हा धनाजीरावांनी आपल्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींना धरलं. भास्करराव समाहून आले, बँकेतून रिटायर, मुलगा कॅनडात. सुभानराव वासण्याहून आले, रिफायनरीतून रिटायर, मुलगी बंगळुरात. दोघांनाही दिवसभर काय करायचं हा प्रश्न रोजच पडायचा. आज तो सुटला म्हणून ते लग्नाला निघाल्यासारखे खूश होते. भास्कररावांना जयसिंगचं ट्रंपेट मिळालं, सुभानरावांना युफोनियम.

“फुंकायचं नाही, फक्त फुंकल्यासारखं करायचं,” धनाजीरावांनी बजावलं.

“काळजी नको,” भास्करराव म्हणाले. “बँकेत छत्तीस वर्षं तेच केलं.”

खरे वाजवणारे दोनच मिळाले. बडोद्याच्या वाडी भागातला यासीन, सॅक्सोफोन, वय बावन्न, आजच्या पार्टीतला सर्वांत तरुण. आणि मोठ्या ढोलावर विश्वंभर, बहात्तरचा, कमरेतून जरा वाकडा चालणारा. सोनेरी किनारीच्या लाल कोटात पाच जण टेम्पोत बसले. टेम्पोवाला त्यांना मोटी कोठणच्या वेशीवर उतरवून दुसरं भाडं मारायला गेला. पाचला येतो म्हणाला.

मोटी कोठण पाहून नवख्याला वाटावं, इथे पैशाचा पाऊस पडतो. संगमरवरी ओटे, काचेचे सज्जे, दारांवर पितळी गणपती. आणि प्रत्येक दाराला हातभर कुलूप. गावात बँका दोन आणि शाळेत मुलं नऊ होती, तीही शेतमजुरांची. मग गेल्या वर्षी ती शाळा शेजारच्या गावच्या शाळेला जोडून टाकली. कुलपांच्या किल्ल्या जशुभाईंच्या कमरेला, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांएवढा जुडगा. ते चालू लागले की गाव वाजायचं.

“एकवीस म्हटलं होतं,” पाच लाल कोट पाहून ते म्हणाले.

“पाच आहोत.”

जशुभाईंनी मान हलवली. “मी फोन जवळून धरीन. पाचाचे पंधरा दिसतील.”

डाहीबा ओटीवर निजवलेल्या होत्या. नव्वदी कधीच ओलांडलेली, पण देहानं अजून भरलेल्या. उशाशी सविता बसली होती, चार वर्षांपासून त्यांचं सगळं करणारी, नसवाडीकडची बाई. तीही होळीला जाणार होती, पण म्हातारीचा जीव अडकला होता म्हणून थांबली. सगळे राठवा मजूर गेले होते. ट्रॅक्टर दारात उभा होता, चालवणारा गेला होता. शववाहिनीचं नाव काढताच हरीशनं फोनवरून सुनावलं होतं, माझ्या बाला गाडीत घालून न्यायचं का?

खांद्याला गावातले सहा जण जमले. सगळ्यांत लहान रावजीकाका, वय एकाहत्तर. जशुभाई नात्यानं पुतणे, त्यामुळे अग्नीचं मडकं, दोणी, त्यांच्या हातात, आणि दुसऱ्या हातात फोन. म्हणजे ते खांद्यातून बाद.

“राम बोलो भाई राम!”

चौघांनी उचललं. दोघे बदलीला मागे. पुढे बँड. धनाजीरावांनी क्लॅरिनेट ओठाला लावली, यासीननं साथ धरली, विश्वंभरनं ढोलावर हात टाकला आणि भास्करराव-सुभानरावांनी असे काही गाल फुगवले की क्षणभर खरंच मोठी पार्टी आली असं वाटलं. फोनमधून अमेरिकेतल्या बायकांचं रडणं ऐकू आलं.

पहिलं घर मगनभाईंचं. धनाजीराव थांबले, दाराकडे वळले, कडवं वाजवलं. दाराला कुलूप. पुढचं घर रमणीकचं. थांबले, वळले, वाजवलं. कुलूप. त्यापुढचं हरीशच्या चुलतभावाचं. कुठल्या घरातली कुठली लग्नं आपण वाजवली, हे धनाजीरावांना पाठ होतं. प्रत्येक दारात पावलं आपोआप थांबत होती. एकही घर सोडायचं नाही.

आणि इथेच त्यांचा हिशेब चुकला. वरातीत घोडा थांबतो, त्याचं काही जात नाही. इथे दर थांब्याला एक भरलेला देह सत्तरीच्या चार खांद्यांवर उभा राहत होता. सात घरं झाली. आठव्याला रावजीकाका घामेघूम होऊन म्हणाले, “मास्तर, बाला सलामी चाललीय की मला? एवढं थांबवत असशील तर मलाही याच फेरीत घेऊन चल.”

कुणीतरी हसलं. धनाजीरावांना ऐकूही आलं नाही. त्यांचे डोळे पुढच्या दारावर होते.

दहाव्या घरापाशी मागचा एक म्हातारा खाली बसला. बदलीचा पुढे आला, तो दोन घरांतच गळाला. दुसरा बदलीचा आधीपासूनच काठी टेकत होता. डाहीबा एका बाजूला कलल्या. भास्कररावांनी इकडेतिकडे पाहिलं, ट्रंपेट जवळच्या ओट्यावर ठेवलं आणि जाऊन खांदा दिला. पुढच्या घरी सुभानरावांचं युफोनियम ओट्यावर गेलं. ठीक आहे, धनाजीरावांनी मनात म्हटलं, दोघे कोरेच होते, आवाजात फरक पडत नाही. त्यांनी दम घेऊन आणखी एका दारात सलामी दिली.

मग रावजीकाकांना धाप लागली आणि त्यांचं तोंड निळसर दिसू लागलं. यासीननं वाजवणं थांबवून धनाजीरावांकडे पाहिलं. जाऊ का, असं ते पाहणं होतं. पन्नास वर्षांपूर्वी याच गल्लीत यासीनच्या वडिलांना पाणी वरून ओतून मिळायचं. आता कुणी नाव, गाव, जात काही विचारलं नाही. “चालो चालो, भाई, झालो!” धरा, म्हणून जशुभाई ओरडले आणि सॅक्सोफोन ओट्यावर ठेवून यासीन खांद्याखाली शिरला.

“जशुकाका, अवाज ओछो केम थई गयो?” फोनमधून हरीश म्हणाला. आवाज कमी का झाला?

“तमारुं नेट धीमुं छे,” जशुभाई म्हणाले.

क्लॅरिनेट आणि ढोल. तेवढ्यावर आणखी तीन घरं झाली. गल्लीची अजून आठ राहिली होती, पुढे नदीची वाट. धनाजीराव चौथ्या दाराकडे वळले आणि मागून यासीनची हाक आली, “मास्तर, जल्दी!” चौथा खांदा देणारा म्हातारा गुडघ्यावर आला होता. तिरडी त्या कोपऱ्यानं जमिनीला टेकणार, इतक्यात मागून येणाऱ्या सवितानं धावत जाऊन ती हातांवर झेलली. चार वर्षं रोज एकटीनं उचललेली म्हातारी होती ती, तिला वजन ठाऊक होतं. पण रावजीकाका धापा टाकतच ओरडले, “एय, बाईनुं काम नथी!” सविता तशीच धरून उभी राहिली. तिनं सोडलं नाही, खांद्यावरही घेतलं नाही. नुसतं धनाजीरावांकडे पाहिलं.

ढोल विश्वंभरच्या गळ्यात, कंबर वाकडी. जशुभाईंच्या हातात अग्नी. बाकी सगळे ओट्यांवर बसलेले.

धनाजीरावांनी क्लॅरिनेट ओठांवरून काढली. समोर जे दार होतं ते हरीशच्या मोठ्या काकांचं. त्याच्या ओट्यावर त्यांनी ती नीट आडवी ठेवली आणि सविताच्या हातांतून तो कोपरा खांद्यावर घेतला.

त्यानंतर घरं आली तशी गेली. प्रत्येक दाराशी धनाजीरावांची मान सवयीनं वळायची आणि मागच्याचा धक्का लागून पुन्हा सरळ व्हायची. विश्वंभरचा ढोल काही वेळ ऐकू येत होता. मग त्याची कंबर मागे पडली, ढोलही मागे पडला आणि नदीच्या उतारावर तर नुसत्या पावलांचा आवाज राहिला.

“जशुकाका, बेन्ड केम बंध थई गयुं?”

“हरीशभाई, नेटवर्क नथी,” जशुभाई म्हणाले आणि अंगठ्यानं फोन बंद केला.

परत आले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. विश्वंभर गल्लीच्या टोकाला ढोलावर डोकं टेकून बसला होता. बायका वेशीपलीकडे जात नाहीत, म्हणून सविता गल्लीतच थांबली होती. तिनं प्रत्येक ओट्यावरचं वाद्य उचलून आणून डाहीबांच्या ओट्यावर ओळीनं मांडलं होतं आणि पदरानं पुसलं होतं. घर धुऊन झालं होतं. स्वतःचं गाठोडं तिनं बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली जशुभाईंना दिली. जशुभाईंनी जुडग्याची तार वाकवली, किल्ली आत सरकवली, दातांनी तार पुन्हा दाबली.

“मास्तर, हवे मारो वारो,” ते हसत म्हणाले. आता माझी पाळी. “तुम्हाला फोन कोण करणार तेवढं बघायचं राहिलंय.”

टेम्पो आला. सविताला बसस्टँडपर्यंत सोडायचं होतं. ती मागे वाद्यांमध्ये बसली. गाव सुटल्यावर तिनं हळूच विचारलं, “मास्तर, सोळ घर पछी वाजुं केम बंद थयुं?” सोळा घरांनंतर वाजवणं का थांबलं? तिनंही मोजलं होतं. भास्कररावच म्हणाले, “बाई, हात कमी पडले.” तिनं मान हलवली. हात कमी पडणं तिला समजावून सांगावं लागणार नव्हतं.

डभोईच्या अलीकडे फोन वाजला. धनाजीरावांनी तो उजव्या हातानं काढायला पाहिला, पण खांदा बधिर झाला होता. डाव्या हातानं काढून कानाला लावला.

“लग्न की म्हातारं?”

“बाबा, मी.” मागे यंत्रांची घरघर होती. “नेलं का नदीपर्यंत?”

“नेलं.”

“वाजवत?”

विश्वंभर बाहेर बघू लागला. यासीननं सॅक्सोफोनच्या पिशवीची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधली.

“सुपरवायझर समोर उभा आहे,” जयसिंग म्हणाला. या वेळी त्याचा आवाज मऊ होता. “काय सांगू?”

“सांग, येतो.”

“बरं.” थोडं थांबून तो म्हणाला, “ते कोटाचं माप विचारतायत.”

धनाजीरावांनी स्वतःच्या लाल कोटाकडे पाहिलं. उजव्या खांद्यावरची सोनेरी किनार बांबूच्या घासण्यानं उसवली होती आणि तिच्यात गुलाल बसला होता. त्यांनी तो डाव्या हातानं झटकला. निघाला नाही.

“बेचाळीस,” ते म्हणाले. “खांद्यात जरा सैल ठेव म्हणावं.”